जर्मनीत एकट्याने राहणाऱ्याच्या पगारातून काय कापले जाते

सप्रेम नमस्कार. वार्षिक ५०,००० युरोंची नोकरी घेऊन आपण एकटेच जर्मनीत येणार आहात आणि त्यातून हाती किती पडेल, पुढे कराचा भार वाढेल की घटेल, असे आपण विचारले आहे. मी २०१२ पासून इथे एकटाच राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०२५ च्या दरांनी अविवाहित, निपुत्रिक माणसाच्या हाती या पगारातून महिन्याला साधारण २,६५० ते २,७०० युरो पडतात. पहिली वेतनचिठ्ठी आली की तिच्यावरचा ‘श्टॉयरक्लासे १’, म्हणजे एकट्यांचा करवर्ग, हा शब्द आधी शोधा, कारण सगळा फरक तिथून सुरू होतो. १९५८ पासून इथे पती-पत्नींचे उत्पन्न एकत्र करून, निम्मे धरून, त्यावरचा कर दुप्पट करण्याची पद्धत आहे. त्यामुळे एकच जण कमावत असलेल्या जोडप्याला याच पगारावर वर्षाला सुमारे ४,००० युरो कमी कर लागतो. मी मात्र विवाहित सहकाऱ्याने सांगितलेला हातातला पगार आपलाही तेवढाच असेल असे समजून घरभाड्याचा करार केला आणि पहिले वर्ष फार ओढाताणीत काढले. ती चूक आपल्या हातून होऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. लग्न झालेले असले तरी जोडीदार मायदेशीच राहणार असेल, तर ही सवलत मिळत नाही.

वर्षांचा हिशेब मात्र एका दिशेने जाणारा नाही. मी आलो तेव्हा करमुक्त उत्पन्नाची मर्यादा ८,००४ युरो होती, २०२५ मध्ये ती १२,०९६ झाली. जर्मनीच्या एकीकरणाच्या खर्चासाठी आयकरावर ५.५ टक्के लागणारा एकता अधिभारही २०२१ पासून बहुतेकांना माफ झाला. उलट बाजूला, मूल नसलेल्यांकडून शुश्रूषा विम्यासाठी (म्हातारपणी वा अपंगत्वात लागणाऱ्या देखभालीच्या विम्यासाठी) घेतला जाणारा जादा हप्ता तेव्हा पाव टक्का होता, तो जुलै २०२३ पासून ०.६ टक्के झाला आणि वयाची २३ वर्षे पूर्ण झाली की तो लागतो. निवृत्तिवेतन, आरोग्य, शुश्रूषा आणि बेकारी या चारही विम्यांचे हप्ते मिळून पगाराचा २१ ते २२ टक्के भाग जातो, म्हणजे या पगारावर आयकरापेक्षाही जास्त. एकट्या नोकरदारावर मालकाचा होणारा एकूण खर्च, म्हणजे श्रमखर्च, त्यातला कर आणि विम्याचा वाटा पाहिला, तर ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या २०२४ च्या आकडेवारीत बेल्जियमनंतर जर्मनीचाच क्रमांक लागतो. तिथे मालकाचा हिस्साही धरलेला असतो. तरीही या हप्त्यांतून आजारपणातला खर्च आणि पुढचे निवृत्तिवेतन उभे राहते, म्हणून मी त्यांना निव्वळ कर म्हणत नाही. सार्वजनिक रेडिओ-दूरचित्रवाणीसाठीचे प्रसारण शुल्क, महिन्याला १८.३६ युरो, दर घरामागे असते, त्यामुळे ते एकट्यालाही पूर्ण भरावे लागते.

आता सर्वांत कामाचे. आपण वर्षाच्या मध्ये आलात, तर मालक प्रत्येक महिन्याचा पगार वर्षभर मिळणार असे धरून कर कापतो, पण इथली कमाई थोड्याच महिन्यांची असते. त्यामुळे आयकर विवरणपत्र भरल्यास बहुधा पैसे परत मिळतात, मात्र त्या वर्षी आधी बाहेर मिळवलेले उत्पन्न करपात्र नसले तरी कराचा दर ठरवताना मोजले जाते, म्हणून त्याची कागदपत्रे सोबत आणा. नोकरीसाठी केलेल्या स्थलांतराचा खर्च वजावटीत धरता येतो, तेव्हा विमानाच्या तिकिटाची पावती टाकून देऊ नका. गरजू आईवडिलांना पैसे पाठवणार असाल, तर तेही काही मर्यादेपर्यंत वजा होतात, पण २०२५ पासून रोख रक्कम चालत नाही, बँकेतूनच पाठवावी लागते.

ज्यांना विवरणपत्र सक्तीचे नाही, त्यांना ते चार वर्षांपर्यंत केव्हाही भरता येते. २०२५ चे विवरणपत्र २०२९ च्या ३१ डिसेंबरपर्यंत स्वीकारले जाईल.