फिजिक्सचे ३८ आणि रद्दीतली २३ पुस्तकं

पत्राचा सारांश: मुलगी अकरावी सायन्सला, नीटच्या क्लासला. दहावीला ९१ टक्के. सराव परीक्षेत ७२० पैकी ३१०. सतत कादंबऱ्या वाचते, मैत्रिणींनाही वाचायला लावते, त्यासाठी वही ठेवलीय. वडिलांनी गेल्या रविवारी २३ पुस्तकं रद्दीत घातली. 'त्यात चार मैत्रिणींची निघाली'. वहीच्या पानाचा फोटो जोडलाय. विचारतात, हा नाद सोडवायचा कसा?

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोन पानी आहे. मार्कांवर दीड पान, आणि मैत्रिणींच्या पुस्तकांवर एक ओळ, तीही जाता जाता. मी त्या ओळीवरच अडकले. सोमवारी तुमची मुलगी क्लासला गेली असेल. ज्यांची पुस्तकं होती त्या मुली शेजारीच बसल्या असतील. काय सांगितलं असेल तिनं त्यांना? 'बाबांनी विकली' हे सोळाव्या वर्षी म्हणवत नाही हो. बहुधा हरवली म्हणाली असेल, म्हणजे तुमच्या चुकीचा आळ स्वतःवर घेऊन आली असेल. त्या दिवसापासून ती 'जेवायलाही नीट बसत नाही' असं तुम्हीच लिहिलंय आणि त्याचं खापर कादंबऱ्यांवर फोडलंय.

आता मार्क. तुम्हीच दिलेली फोड बघा: बायोलॉजी ३६० पैकी २०५, केमिस्ट्री १८० पैकी ६७, फिजिक्स १८० पैकी ३८. कादंबऱ्यांनी मार्क खाल्ले असते तर सगळीकडून थोडे थोडे खाल्ले असते. इथे सगळ्यात मोठं भोक फिजिक्समध्ये आहे. दहावीनंतर तिनं गणित सोडलंय, आणि व्हेक्टर नि ग्राफ तर पहिल्या महिन्यापासून लागतात. फिजिक्ससाठी गणिताचा पाया पक्का करून देणारं कुणी शोधा, बाकी क्लास आहे तसा चालू द्या. पण त्याआधी तिला विचारा, डॉक्टर व्हायचंय का. दोन पानांत 'आम्ही ठरवलं' चार वेळा आलंय. तिचं म्हणणं कुठेच नाही.

दुसरी तुमची धास्ती: वाचनाचा नाद लागला की लेखिका व्हायचं खूळ शिरतं आणि आयुष्याची माती होते. हा समज मला दर आठवड्याला भेटतो. लंपन या शाळकरी मुलाच्या गोष्टी लिहिणारे प्रकाश नारायण संत कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होते. खडकांनी त्यांना लिहिण्यापासून अडवलं नाही आणि लंपननं शिकवण्यापासून. आणि वाचणाऱ्यांतली बहुतेक माणसं लेखक होतही नाहीत. ती वाचतात, एवढंच. उलटी चूकही करू नका. उद्या कुणी 'वाचनाची आवड आहे ना, मग बीए मराठी' असं सुचवेल. आवड दिसली की तिला लगेच नोकरीला जुंपायचं, ही खोड आम्हा समुपदेशकांनाही आहे.

तरीही वहीचं ते पान मी तीनदा वाचलं. ''शाळा'. र.ला आत्ता नको, तिचं भांडण मिटू दे.' लंपनच्याच गोष्टींच्या 'वनवास'समोर: 'स.ला. कानडी वळणाचे शब्द अडतील, थांबू नकोस म्हणावं. दुसऱ्या गोष्टीपासून सुटत नाही.' कुठलं पुस्तक, कुणाला, कधी, आणि वाचणारा कुठे अडेल, हे तिला कळतं. चांगल्या ग्रंथपालाला आणि संपादकाला हेच कळावं लागतं, आणि ते सगळ्यांना कळतंच असं नाही. पुढे कधी तिनं विचारलंच तर ग्रंथालयशास्त्राची पदवी कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर वर्षभरात होते. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पुस्तक प्रकाशनातला पदव्युत्तर डिप्लोमा आहे. मराठी प्रकाशनात पगार बेताचे असतात, हेही तिला सांगा. आज यातलं काहीच ठरवायचं नाही.

पानाची शेवटची ओळ फोटो काढताना तुम्ही वाचली नसावी. 'बाबा: बनगरवाडी. बारीक आहे, एका रविवारी होईल.'

तो रविवार तुम्ही रद्दीवाल्याकडे घालवलात. आता आजच तिकडे जा. धड पुस्तकं रद्दीवाले सहसा गठ्ठ्यात टाकत नाहीत, वेगळी काढून ठेवतात, विकली जातात म्हणून. मैत्रिणींची चार आधी शोधा. मिळाली नाहीत तर नवी घ्या आणि त्या मुलींच्या घरी स्वतः नेऊन द्या, तिच्या हाती पाठवू नका. 'बनगरवाडी' त्या ढिगाऱ्यात दिसली तर तीही घ्या.