तुमच्या घराशी जोडलेल्या एखाद्या पुरोहिताची आठवण सांगाल का? पूजेच्या पाटावरून उठल्यावर, स्वतःच्या संसारात ते कसे होते?

आमच्याकडे चाळीस वर्षे येणारे गुरुजी चार वर्षांपूर्वी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी गेले. तुमचा प्रश्न वाचल्यावर दुसऱ्या कोणाचा विचार मनात आला नाही. त्यांचे नाव लिहीत नाही, कारण घरच्यांना ते आवडणार नाही. मात्र बडोद्याच्या दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्यापैकी काहींना ते नावावाचूनही ओळखू येतील.

गुरुजींचा एक हट्ट होता आणि त्यापायी काही यजमान त्यांना बोलवायचे टाळत. मंत्राचा अर्थ यजमानाला सांगितल्याशिवाय ते पुढचा विधी सुरू करत नसत. ही सवय त्यांना वडिलांकडून लागली होती आणि वडिलांना ती संस्थानाने लावली होती. सयाजीराव महाराजांनी १९१५ साली बडोदे संस्थानात पुरोहितांसाठी कायदा केला, त्यानुसार पौरोहित्य करणाऱ्याने परीक्षा देऊन परवाना मिळवायचा आणि विधीचा अर्थ यजमानाला त्याच्या भाषेत समजावून द्यायचा, असे ठरले. पिढीजात व्यवसायात परीक्षा कसली, म्हणून तेव्हा पुष्कळ भटजी रागावले असणार. गुरुजींच्या वडिलांनी मात्र ती परीक्षा दिली आणि पुढे मुलाला शिकवताना ‘पाठ झाले का?’ असे न विचारता ‘कळले का?’ असे विचारले. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली बडोदे गुजरातेत आले, आणि कायद्याची आठवणही कोणाला राहिली नाही. पण गुरुजींच्या घरात तो चालूच राहिला, असे मी गमतीने म्हणतो.

माझ्या बहिणीचे लग्न गुजराती घरात झाले. दुपारचा दीड वाजून गेला होता, पंगतीची पाने मांडून झाली होती, व्हिडिओवाला ‘गुरुजी, जरा लवकर’ असे दोनदा म्हणून गेला होता, आणि गुरुजी सप्तपदीच्या प्रत्येक पावलाला थांबून आधी मराठीत, मग गुजरातीत अर्थ सांगत होते: पहिले पाऊल अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनाच्या वाढीसाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी. माझे काका घड्याळ पाहत होते आणि खरे सांगायचे तर मीही पाहत होतो. तेवढ्यात नवरदेवाची आजी, जी तोवर भिंतीला टेकून डुलकी घेत होती, एकदम म्हणाली, ‘गोर महाराज, छठ्ठुं फरी कहो ने.’ गुरुजींनी सहावे पाऊल पुन्हा सांगितले आणि वर स्वतःचे एक वाक्य जोडले की ऋतू पालटले म्हणून माणूस पालटायचे नसते. मग ‘सखा सप्तपदी भव’ म्हणून सातवे पाऊल टाकून घेतले. भात गार झाला होता, ही तक्रार आमच्याकडे अजून निघते.

आता संसाराविषयी. भिक्षुकाच्या घरात शिधा येतो, म्हणजे दहा घरांचे तांदूळ एका डब्यात येतात. कोणी जुना कोलम देतो, कोणी नवा, कोणी बासमतीचा चुरा, आणि हे सगळे एकत्र शिजवले की अर्ध्या शितांचा गोळा होतो आणि अर्धी टचटचीत राहतात. मी लहानपणी त्यांच्या मुलाबरोबर खेळायला जात असे, तेव्हा दुपारी तीनच्या सुमारास एक दृश्य ठरलेले असे: काकू आणि गुरुजी समोरासमोर सूप घेऊन बसलेले, तांदूळ पाखडत आणि निवडत, जुना एकीकडे, नवा दुसरीकडे, तुकडा पिठासाठी बाजूला. सकाळी तीन घरची कामे सायकलवर उरकून आलेला माणूस जेवणानंतर आडवा झाला असता तर कोणी काही म्हटले नसते. काकूंची बोटे संधिवाताने वाकल्यावर निवडण्याचे काम त्यांनी एकट्याने अंगावर घेतले आणि काकू शेजारी बसून फक्त चुका दाखवू लागल्या. चुका त्या मोठ्याने दाखवीत. गुरुजी ऐकून घेत. बाहेर कोणाचे ऐकून घेणारा हा माणूस नव्हता.

कारण राग त्यांना लवकर येई. मुलाने याज्ञिकी शिकावी, अशी त्यांची फार इच्छा होती, आणि मुलाने इंजिनियरिंगला जायचे ठरवले तेव्हा ते दोन महिने त्याच्याशी बोलले नाहीत. हे मी कौतुकाने सांगत नाही. त्या दोन महिन्यांत तो मुलगा आमच्याकडे येऊन रडलेला मी पाहिला आहे. परीक्षेच्या दिवशी मात्र गुरुजींनी ठरलेली वास्तुशांत दुसऱ्या गुरुजींना दिली, मुलाला सायकलवर मागे बसवून केंद्रावर सोडले आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर बसून राहिले. क्षमा मागितली का, असे मी मुलाला पुढे विचारले. तो म्हणाला, ‘नाही, वाटेत केळी घेऊन दिली.’

त्यांच्याजवळ एक लांबट वही होती. प्रत्येक घराला एक पान, पानावर गोत्र, तिथ्या, कोणाच्या नावाने काय करायचे, आणि समासात बारीक अक्षरात त्या घराची माहिती: ‘सूनबाई गरोदर, धूर कमी करणे’, ‘धाकट्याची नोकरी गेली आहे, दक्षिणेचा विषय काढू नये’. ही वही मी त्यांच्या पश्चात प्रथम पाहिली. वर्षानुवर्षे आमच्याकडे ते दक्षिणा न मोजता पिशवीत टाकीत, ते का, हे मला समासातली एक ओळ वाचून कळले. ती ओळ येथे लिहीत नाही.

वही आता मुलाकडे आहे. तो निवृत्त इंजिनियर, पौरोहित्याचा एक मंत्र येत नाही, परंतु तिथीच्या आदल्या दिवशी त्याचा न चुकता फोन येतो आणि पानावर असेल ते तो जसेच्या तसे वाचून दाखवतो. गेल्या भाद्रपदात त्याने वाचले, ‘आजींचे गुडघे दुखतात, पाटाऐवजी खुर्ची ठेवणे.’ आजीला जाऊन बारा वर्षे झाली आहेत. गुरुजींनी ते खोडले नव्हते, आणि मीही त्याला खोडायला सांगितले नाही, कारण खुर्ची आम्ही अजून ठेवतो. हल्ली तिच्यावर आई बसते.