‘ब्लॉक घेतला’ : घराचा आणि रेल्वेचा

ठाण्यातील एका वाचकांनी विचारले आहे की, ‘आम्ही नौपाड्यात ब्लॉक घेतला’ आणि ‘ठाणे-कल्याण मार्गावर ब्लॉक घेतला’ या वाक्यांतील ब्लॉक हा शब्द एकच आहे का, आणि असल्यास अर्थांत एवढे अंतर कसे पडले.

शब्द एकच आहे. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी ओंडका या अर्थाचा डच शब्द आहे. ओंडका हा एक अखंड तुकडा असतो आणि तोच वाटेत आडवा पडला की अडसर होतो. ब्लॉकचे बहुतेक अर्थ या दोहोंपैकी एकातून निघालेले दिसतात.

घराचा ब्लॉक पहिल्यातला. इंग्रजीत ‘ब्लॉक ऑफ फ्लॅट्स’ म्हणजे अख्खी इमारत. आपल्याकडे मात्र हा शब्द इमारतीतल्या एका बिऱ्हाडाला लागला. चाळीतली खोली सोडून, संडास-न्हाणीघर आतच असलेली जागा घेणाऱ्यांविषयी ‘ते ब्लॉकमध्ये राहायला गेले’ असे कौतुकाने म्हटले जाई. घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरांत आता फ्लॅट आणि टू बीएचके हेच शब्द चालतात. जुन्या माणसांच्या बोलण्यात ब्लॉक टिकून आहे, आणि तो टिकावा असे मला मनापासून वाटते.

रेल्वेत दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. लोहमार्गाचे जे भाग पाडलेले असतात, त्यांतील एकेकाला ब्लॉक सेक्शन म्हणतात, आणि ॲब्सोल्यूट ब्लॉक पद्धतीत अशा भागात एक गाडी असेपर्यंत दुसरीला प्रवेश मिळत नाही. रूळ, सिग्नल किंवा ओव्हरहेड वायरच्या कामासाठी ठराविक वेळ वाहतूक थांबवणे म्हणजे ट्रॅफिक ब्लॉक, आणि वायरमधील वीजप्रवाह बंद करणे म्हणजे पॉवर ब्लॉक. अभियंते हा वेळ मागून घेतात, म्हणूनच ‘ब्लॉक घेणे’ हे क्रियापद इथेही बरोबर आहे.

मोठा तो मेगाब्लॉक. पण रविवारचा नेहमीचा ब्लॉकही मेगाच म्हटला जाऊ लागल्यामुळे त्या विशेषणाचा जोर ओसरला, आणि ठाणे स्थानकातील फलाट रुंद करण्यासाठी 2024च्या मे महिन्याअखेरीस 63 तासांचा ब्लॉक जाहीर झाला तेव्हा ‘जम्बो’ म्हणावे लागले. बातमीत ‘63 तासांचा ब्लॉक’ असे सरळ लिहिणे अधिक चांगले, कारण प्रवाशाला तासच हवे असतात.

प्रशासनातल्या ब्लॉकला मराठीत ‘गट’ हा नेमका शब्द आहे. शहापूर-मुरबाडच्या गटविकास अधिकाऱ्यांचे पदनाम त्यावरूनच झाले आहे.