न्यू जर्सीत पाणी थंड झालं की किनाऱ्यावरून स्ट्राइप्ड बास हा मासा मिळणं बंद होतं का?

बंद होत नाही, उलट ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाणी साधारण 18 अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की खरा हंगाम सुरू होतो. उत्तरेच्या न्यू इंग्लंडकडचे बास थंडीबरोबर दक्षिणेकडे सरकतात आणि खाड्यांतून बाहेर पडणाऱ्या मेनहेडन या छोट्या माशांच्या, म्हणजे इथल्या बोलीत बंकरच्या, झुंडींमागे अगदी काठालगत येतात. मी दर वर्षी इथे वाळूवरून गळ टाकतो. 13 ते 18 अंशांत बास असा तुटून पडतो की बंकरची पिल्लं जीव वाचवायला थेट वाळूवर उड्या घेतात. तेव्हा लुअर, म्हणजे नकली आमिष, बिनधास्त वेगाने ओढा. 10 अंशांच्या आसपास मात्र तो सुस्तावतो, लांब पाठलाग करत नाही. मग सँड ईल माशासारखं बारीक, लांबट लुअर तळाशी ठेवायचं, रीळ दोन वेढे फिरवायचं, थांबायचं, पुन्हा फिरवायचं. बहुतेकदा थांबल्यावरच झटका बसतो. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका: तापमान जुळलं तरी त्याचं खाणं जवळ नसेल तर किनारा रिकामाच, म्हणून थर्मामीटरच्या आधी तेच खाणं टिपायला पाण्यात सूर मारणारे पक्षी शोधा.