एफ६ वर घोडा तीनदा जाऊ शकत होता

प्रिय,

अनेक आशीर्वाद. डावाची लिंक मिळाली. सोबत तू लिहिलंयस की इंजिनने, म्हणजे डाव तपासणाऱ्या संगणकाने, नऊ ब्लंडर (घोडचुका) दाखवले, जिंकलेला डाव बरोबरीत सुटला आणि आता काही दिवस बुद्धिबळाचं तोंडही बघावंसं वाटत नाही. मी तो डाव इंजिन बंद ठेवून लाकडी पटावर मांडला आणि दोनदा खेळून पाहिला. तुझा उंट फुकट गेला ती खेळी मी सोडून देतो. ती चूक तुला त्याच क्षणी कळली होती, आणि अशा चुका खेळता खेळता कमी होतात. मला बोलायचंय ते समोर आलेल्या आणि तू न घेतलेल्या संधींबद्दल.

पहिली संधी पाचव्याच खेळीला होती. काळ्याने, म्हणजे समोरच्याने, जी४ या घरावर उंट आणून तुझा घोडा वजिरापुढे अडकवला होता (तो हलला तर वजीर माऱ्यात येतो) आणि मग विनाकारण जी६ केलं. त्याचा वजिराकडचा घोडा अजून घरातच होता, म्हणजे ई५ च्या प्याद्याला आधार फक्त डी६ चा. तू घोड्याने ई५ चं प्यादं मारायला हवं होतंस. त्याने हावरटपणे तुझा वजीर घेतला असता, तर उंटाने एफ७ वर शह, राजा ई७ ला आणि दुसऱ्या घोड्याने डी५ वर मात. वजीर न घेता त्याने तो घोडा मारला असता, तर तू वजिराने जी४ चा उंट घेऊन एक प्यादं वर राहिली असतीस. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये खेळणाऱ्या लेगाल यांच्या नावाने ही मात ओळखली जाते. तू डी३ खेळलीस. त्यात दोष देण्यासारखं काही नाही, कारण हा आकृतिबंध तू आधी पाहिलाच नव्हतास. आता पाहिलास. मात्र त्याचा घोडा सी६ वर आलेला असेल तर हे चालत नाही, कारण मग तो ई५ वर मारतो आणि जी४ च्या उंटालाही आधार देतो. दोन्ही स्थिती पटावर मांडून बघ.

अठरावी खेळी मात्र मला टोचली. काळ्याचा राजा जी८ वर, वजीर डी७ वर, तुझा घोडा डी५ वर ठाण मांडून बसलेला. काळ्या घरांतले उंट तुम्ही आधीच मारामारीत घालवले होते, त्यामुळे एफ६ हे घर सांभाळायला त्याच्याकडे एकच मोहरा उरला होता, ई८ वरचा घोडा. तो त्याने जी७ ला आणला. त्याच क्षणी एफ६ उघडं पडलं. घोडा एफ६ ला, शह, आणि पुढच्या खेळीला वजीर तुझा. तू एफ४ खेळलीस. त्यालाही काही दिसलं नाही, त्याने ए५ केलं. तू एफ५ केलंस. मग त्याने सी६ करून तुझ्या घोड्याला हुसकावलं, तेव्हाही तो घोडा एफ६ ला जाऊ शकत होता. तू तो ई३ ला मागे घेतलास.

त्या तीन खेळ्यांना किती वेळ लागला ते तू जिथे खेळतेस त्या लिचेस या संकेतस्थळावर दिसतं. चार सेकंद, तीन सेकंद, पाच सेकंद. घड्याळात तेव्हा सहा मिनिटांहून जास्त शिल्लक होती. तुला फोर्क, म्हणजे एकाच मोहऱ्याने दोघांवर केलेला हल्ला, ओळखता येत नाही असं मुळीच नाही. मागच्याच महिन्यात तू यापेक्षा अवघड कोडी सोडवलीस. पण कोड्यात "इथे काहीतरी आहे" हे आधीच ठाऊक असतं. डावात ते कुणी सांगत नाही, आणि तू तुझ्या एफ४-एफ५ च्या बेतात इतकी रमली होतीस की समोरच्याची खेळी तू फक्त आपली पाळी येण्याची वाट बघत पाहिलीस.

हे मोठ्यांच्याही बाबतीत घडतं. सोची, २०१४. जगज्जेतेपदाच्या लढतीत पाच डावांनंतर आनंद आणि कार्लसन अडीच-अडीच गुणांवर. सहाव्या डावात २६व्या खेळीला कार्लसनने राजा डी२ ला नेला, आणि ती घोडचूक होती. आनंदने घोड्याने ई५ चं प्यादं मारलं असतं, तर शह देत देत सी४ चंही गेलं असतं आणि दोन प्याद्यांचा फायदा झाला असता. आनंदने आपल्या बेतातलं ए४ केलं. कार्लसन तो डाव जिंकला, पुढे लढतही. पाच वेळच्या जगज्जेत्याला ते दिसलं नाही, कारण त्या क्षणी तो शोधतच नव्हता.

आता सिंगापूर, १२ डिसेंबर २०२४, चौदावा डाव. बरोबरीकडे चाललेल्या स्थितीत तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेनने ५५व्या खेळीला हत्ती एफ२ ला आणला. गुकेशने नंतर सांगितलं की ती चूक आहे हे त्याला लगेच कळलंच नव्हतं, तो दुसरीच खेळी करण्याच्या बेतात होता. पण तो थांबला. डिंगचा उंट ए८ च्या कोपऱ्यात अडकलाय, हत्ती मारून उंटही समोरासमोर आणता येतो आणि उरलेली प्याद्यांची लढत आपण जिंकतो, हे त्याने मोजलं. अठराव्या वर्षी तो जगज्जेता झाला. या दोन डावांची शेवटची स्थिती नको पाहूस. ती एकेक खेळी होण्याआधीची स्थिती मांड आणि पाच मिनिटं नुसती बघत बस.

तुझ्यासाठी काम एवढंच. समोरच्याने मोहरा उचलला की तो कुठे गेला याच्याआधी बघ की त्याने काय सोडलं. कोणतं घर, कोणती पट्टी, कोणाचा आधार. त्यानंतर तुझ्याकडे कोणते शह आहेत ते पाहा, आणि मगच तुझा बेत. सुरुवातीला याला दहा-पंधरा सेकंद लागतील, म्हणून तीन मिनिटांचे डाव सध्या बंद. पंधरा मिनिटं आणि प्रत्येक खेळीला दहा सेकंद वाढीव, असे खेळ. रेटिंग परत मिळवायला त्याच रात्री लागोपाठ डाव लावू नकोस. तू तसं करतेस हे मला तुझ्या खात्यावर दिसतं, आणि त्याची मला खरंच काळजी वाटते.

शेवटच्या स्टेलमेटचं कारणही तेच. त्याचा एकटा राजा ए८ वर आणि तू वजीर सी७ ला ठेवलास. त्याला शह नाही आणि हलायला घरही नाही, म्हणून डाव बरोबरीत. वजीर एक घर लांब ठेवून आधी तुझा राजा बी६ पर्यंत आणायचा होता. याचा सराव रविवारी समोर बसून करू.

तोवर इंजिन न लावता १८ ते २१ या खेळ्यांशेजारी त्या वेळी तुझ्या मनात काय होतं ते वहीत लिही. खरं लिही, नीटनेटकं नको. वही घेऊन ये.

तुझे,
सर