ब्युरोची मावशी बदलावी का?

प्रश्न : पक्षाघातानंतर सासूबाई अंथरुणालाच खिळून आहेत. रुग्णसेवेसाठी माणसं पुरवणाऱ्या छोट्या ब्युरोकडून दिवस-रात्र पाळीने दोन मावशी येतात. माकडहाडापाशी त्वचा लाल झालीय, तिथे त्या तेल चोळतात. ब्युरो बदलावा का?

उत्तर : आधी चोळणं बंद करा, आतल्या दुखावलेल्या पेशींना त्याने आणखी इजा होते. लालीवर बोट दाबून सोडा. जागा क्षणभरही फिकी पडत नसेल, तर ती बेडसोरची (एकाच जागी दाब राहून होणाऱ्या जखमेची) पहिली पायरी; डॉक्टरांना दाखवा. दर दोन तासांनी कूस बदलायची, पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवायचं. पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी राहिली पाहिजे. वर सरकवताना ओढू नये. अंगाखाली आडव्या घातलेल्या चादरीने दोघांनी उचलावं. एअर मॅट्रेस (पंपाने हवा भरत राहणारी गादी) असली तरी कूस बदलणं चुकत नाही (पंप बंद पडलेला कित्येकदा कुणाच्या लक्षातही येत नाही).

वहीत वेळ, कूस, लघवी, जेवण लिहायला लावा. रात्रीच्या नोंदी एकाच शाईत, एका दमात लिहिलेल्या दिसल्या तर समजून जा. मावशी बहुधा शिकवल्यास शिकतात. मात्र ब्युरोची पर्यवेक्षक घरी येऊन पाहत नसेल, बदली मावशी रुग्णाची माहिती न घेताच येत असेल, तर बदलाच.