आजकालच्या मराठी पिक्चरमध्ये जुन्या पिक्चरचे डायलॉग का घुसडतात? नवीन काही सुचत नाही का?

सुचतं हो, पण ते कापलं जातं. मी आमच्या सोसायटीच्या गणपतीत स्किट लिहितो म्हणून सांगतो. मागे पाण्याच्या टँकरवरून भांडणाऱ्या दोन विंगवर लिहिलं होतं, म्हणजे आमच्याच ए आणि बी वर, तालमीत लोक पोट धरून हसत होते. आदल्या रात्री माझ्या मावसभावाने (स्वतःला डायरेक्टर समजतो) टँकरवाल्याची एंट्रीच उडवली आणि तिथे 'अशी ही बनवाबनवी' पिक्चरमधलं 'सत्तर रुपये वारले' टाकलं. का, तर म्हणे 'लोकांना कनेक्ट होतं'. शिट्ट्या पडल्या, नाही म्हणत नाही. पण त्या अशोक सराफ आणि सुधीर जोशींना होत्या, 1988 च्या, आमच्या स्किटला नाही.

'अशी ही बनवाबनवी'त तो डायलॉग का चालतो बघा ना. भाडेकरूने घरमालकाकडून डायबेटीसच्या औषधाचे पैसे घेतलेत, औषध आणणारा मित्र वारला असं सांगितलं तरी घरमालकाचा जीव आपल्या सत्तर रुपयांत अडकलेला, म्हणून 'सत्तर रुपये वारले' ऐकून आपण फुटतो. आमच्या टँकरमध्ये कोण वारलं होतं?

बाकी निर्मात्यांचा हिशोब सरळ आहे. ओळखीचं काही दिसलं की पब्लिकच रील बनवून फिरवतं, जाहिरात फुकटात. 'झपाटलेला' 1993 चा, दुसरा भाग 2013 ला. 'नवरा माझा नवसाचा' 2004 चा, दुसरा 2024 ला. वीस वर्षांत तेव्हाची पोरं आईबाप होतात आणि आपल्या पोरांना घेऊन चार तिकिटं काढतात.

आता कोणी म्हणेल बनवाबनवी तरी कुठे ओरिजिनल, हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (1966) वरूनच घेतलाय. बरोबर आहे, उचलण्याला माझी हरकतच नाही. पण बनवाबनवी लिहिणाऱ्या वसंत सबनीसांनी तो पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत असा मुरवला की हिंदीवाला बघितला नसला तरी काही अडत नाही. जुनं न बघितलेल्याला हसू येतं का, एवढंच बघायचं. आमच्याकडे पुढे बसलेली शाळकरी पोरं एकमेकांची तोंडं बघत होती. मावसभाऊ अजून म्हणतो त्यांचं लक्ष मोबाईलमध्ये होतं. मोबाईल आयांनी आधीच काढून घेतले होते, विचारा कोणालाही.

तुम्ही स्वतः लिहीत असाल तर स्क्रिप्ट आदल्या रात्री कोणाच्या हातात देऊ नका, नातेवाईकाच्या तर अजिबातच नाही.